"आत्ताच झोपून घे" म्हणणाऱ्यांनो

पोट दिसायला लागलं की लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. एक म्हणजे मुलगा की मुलगी (चालण्यावरून म्हणे कळतं), आणि दुसरं, "आत्ताच झोपून घे गं, नंतर झोप विसर." हे दुसरं मी माझ्या वेळी लिफ्टमध्ये ऐकलं, लोकलच्या डब्यात ऐकलं, ऑफिसच्या पँट्रीत ऐकलं, भाजीवाल्या मावशींनीसुद्धा सोडलं नाही. दरवेळी मनात यायचं, अहो तेच तर होत नाहीये, झोपून काय घेऊ!

आता माझी नणंद सातव्या महिन्यात आहे, घणसोलीला असते, आणि तिचे मेसेज रात्री अडीच-तीनला येऊन पडलेले असतात. "वहिनी पाय शिवशिवतायत", "वहिनी परत जाग आली", आणि एकदा नुसताच घुबडाचा इमोजी. मी विचारलं डॉक्टरांना सांगितलंस का, तर म्हणे त्यात काय सांगायचं, सगळ्यांनाच होतं. ह्या "त्यात काय सांगायचं"साठीच ही पोस्ट लिहितेय.

सगळ्यांना होतं हे खरंच आहे, पण सगळ्यांना एकच होत नाही. "झोप होत नाही" ह्या एका तक्रारीत सात-आठ वेगवेगळ्या भानगडी लपलेल्या असतात. काही नुसत्या वैतागाच्या, आणि काही अशा की त्यामागे बीपी असतं, शुगर असते, रक्त कमी असतं, क्वचित लिव्हर असतं. ओपीडीत बाहेर रांग लागलेली असते, डॉक्टर वजन बघतात, बीपी बघतात, ठोके ऐकतात, सोनोग्राफी कधी ते लिहून देतात आणि पुढची आत येते. झोप कशी आहे हे मला कोणी आपणहून विचारल्याचं आठवत नाही. म्हणून आपणच सांगायचं, आणि नुसतं "झोप नाही" न म्हणता नक्की काय होतंय ते सांगायचं.

आधी वैतागाच्या गोष्टी उरकते. पहिले तीन महिने उलटंच असतं, प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि दिवसभर डोळे मिटायला लागतात. त्यात उलटीसाठी डॉक्सिलामाईनची गोळी दिली असेल तर तिनेही पेंग येते, कारण ती मूळची अ‍ॅलर्जीच्या जातीची गोळी आहे. मी तेव्हा ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्स हार्बरने जायचे, नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून, आणि तेवढ्याशा प्रवासात उभ्या उभ्या डुलक्या काढायचे. मग दिवसा झोप झाली की रात्री टक्क जागं. शिवाय बाथरूमच्या फेऱ्या, किडनी नेहमीपेक्षा जास्त काम करते आणि पुढे पुढे गर्भाशय मूत्राशयावर दाब देतं, त्यामुळे रात्रीचं उठणं कोणाला चुकत नाही. संध्याकाळनंतर पाणी जरा कमी करायचं, पण दिवसभराचं कमी नाही करायचं, आपल्याकडच्या दमट हवेत तर नाहीच. फक्त लघवीला जळजळ होत असेल किंवा जाऊन आल्यावर लगेच परत जावंसं वाटत असेल तर तपासणी करायची, गरोदरपणात युरिन इन्फेक्शन अंगावर काढायचं नसतं.

छातीत जळजळ हीसुद्धा त्याच प्रोजेस्टेरॉनची कृपा, अन्ननलिकेच्या खालचं झाकण ढिलं पडतं आणि आडवं झालं की आंबट पाणी वर. जेवण लवकर आणि थोडं, डोक्याकडची बाजू उंच, डावी कूस. एवढ्याने बऱ्यापैकी भागतं.

आणि आवाज! आम्ही घोडबंदर रोडला राहतो, रस्त्याच्या बाजूचा बेडरूम. रात्री ट्रक-कंटेनर सोडतात, मेट्रोचं काम चालू होतं, खिडकी उघडली तर आवाज आणि बंद केली तर ऑक्टोबरचा उकाडा. सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे मी आमच्या बाल्कनीत उभं राहून कोणाला सांगितलं असतं तर ते ऐकू गेलं नसतं. शेवटी आम्ही मागच्या छोट्या खोलीत झोपायला लागलो. खोली डबीएवढी पण शांत. ज्यांच्याकडे दुसरी खोली नाही त्यांनी काय करायचं ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, कानात कापूस नाहीतर इअरप्लग, बस.

आता जरा महत्त्वाचं.

आमच्या सासूबाई एक दिवस सकाळी चहा ओतता ओतता म्हणाल्या, "तू हल्ली घोरतेस." मला रागच आला, कारण मी आयुष्यात कधी घोरले नव्हते, आणि शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याने छातीठोक सांगितलं की अजिबात नाही. त्याला शेजारी वरात गेली तरी कळत नाही हा भाग वेगळा. सासूबाई म्हणाल्या, भिंतीपलीकडून ऐकू येतं, मध्ये थांबतं आणि मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास घेतेस, डॉक्टरांना सांग. मी जरा लाजतच सांगितलं. तर डॉक्टर हसल्या वगैरे नाहीत, त्यांनी बीपी परत घेतलं, दुसऱ्या हाताला पण घेतलं, लघवीत प्रोटीन जातंय का ते बघायला सांगितलं आणि घरी बीपीचं मशीन आणून रोज लिहून ठेवा म्हणाल्या. नाक चोंदणं हे गरोदरपणात खूप जणींना होतं आणि माझं बरंचसं तेच निघालं, पण त्या जे बघत होत्या ते बघायलाच हवं होतं.

कारण असं की पहिल्यापासून घोरणं वेगळं आणि गरोदरपणात नव्याने सुरू झालेलं घोरणं वेगळं. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या लुईस ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सतराशेच्या वर गरोदर बायकांचा अभ्यास छापला, त्यात साधारण चारातल्या एकीला घोरणं गरोदरपणातच सुरू झालेलं होतं आणि त्या बायकांमध्ये बीपी वाढण्याचं आणि प्रीएक्लॅम्प्सियाचं (बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाणं वगैरे, त्याचं) प्रमाण जास्त दिसलं. झोपेत श्वास अडतो, ऑक्सिजन खाली जातो, शरीर दचकून जागं होतं, आपल्याला आठवतसुद्धा नाही पण रात्रभर हेच चालू असतं. एरवी गाढ झोपेत बीपी खाली उतरतं, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढाच आराम, तो मिळत नाही. नंतर अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात पहिलटकरणींच्या घरी झोपेत श्वास मोजायचं यंत्र लावून बघितलं, त्यातही झोपेत श्वास अडणाऱ्यांमध्ये बीपी आणि गरोदरपणातली शुगर दोन्ही जास्त निघाली. घोरणाऱ्या सगळ्यांना होतं असं नाही. पण घोरणं, सकाळी उठल्यावर डोकं जड, आठ तास पडूनही दिवसभर मरगळ, हे तिन्ही असेल तर सांगायचंच, त्याच्यावर उपाय आहेत.

आणि बीपीचं एक पाठच करून ठेवा. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा वर हे जास्त. त्यासोबत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर चमकणं, पोटात वरच्या बाजूला बरगडीखाली दुखणं, चेहरा-हात अचानक सुजणं, ह्यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं.

शुगरचं प्रकरण मला जास्त लागू होतं, कारण माझे यूएसचे कॉल असायचे. ऐरोली, महापे, घणसोली पट्ट्यात किती जणी असतील अशा, रात्री साडेअकराला लॅपटॉप बंद, मग जेवण, मग जरा फोन, झोपायला दीड-दोन. सकाळी साडेआठला उठलं की हिशोबाने सात तास झालेच की, मग प्रॉब्लेम काय? तर अमेरिकेतच पहिलटकरणींच्या मनगटाला घड्याळासारखं यंत्र लावून झोप मोजली, २०१७ मध्ये ते छापून आलं. त्यात सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांमध्ये गरोदरपणातला डायबेटिस जास्त होता हे एक, आणि ज्यांच्या झोपेचा मध्य पहाटे पाचच्या पुढे होता त्यांच्यातही जास्त होता. म्हणजे रात्री दोनला झोपून नऊला उठणारी ह्यात बसते, तास पुरेसे असले तरी. ह्यावरून उशिरा झोपल्यानेच शुगर झाली असं सिद्ध होत नाही, नुसतं दोन्ही सोबत दिसतं. पण कारण समजण्यासारखं आहे. वारेतून (प्लॅसेंटातून) येणारी हार्मोन्स इन्सुलिनचं काम आधीच अवघड करतात, शरीर जास्त इन्सुलिन बनवून भरपाई करतं, आणि अपुऱ्या झोपेने इन्सुलिन आणखी कमी लागू पडतं. आधीच ओझं उचललेल्या हमालाच्या डोक्यावर आणखी एक पेटी.

म्हणून ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं गोड पाणी पिऊन दोन तासांनी रक्त द्यायची टेस्ट टाळू नका. आपल्याकडच्या सरकारी पद्धतीत त्याला उपाशी असायची पण गरज नाही, दोन तासांनी १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला डायबेटिस धरतात. एकदा सुरुवातीला आणि नॉर्मल आली तरी परत २४ ते २८ आठवड्यांत. मी मॅनेजरशी बोलून कॉल अलीकडे घेतले, काही सोडले. मला ते जमलं, प्रत्येकीला जमेलच असं नाही हे मला माहितीये, पण विचारून तरी बघा. डॉक्टरांची चिठ्ठी असली तर लोक पटकन ऐकतात.

नणंदेचे पाय. ती म्हणते दुखत नाहीत, गोळेही येत नाहीत, पण आडवं झालं की आतून काहीतरी वळवळतं आणि पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, उठून चाललं की बरं, परत पडलं की परत सुरू. पोटरीत गोळा येऊन किंचाळत उठणं वेगळं आणि हे वेगळं. ह्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात आणि गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला होतं, शेवटच्या तिमाहीत सगळ्यात जास्त, आणि डिलिव्हरीनंतर बहुतेकींचं आपोआप जातं. पण त्याचा लोहाशी संबंध आहे. आणि लोहाच्या बाबतीत आपल्या देशाची अवस्था अशी की २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना, ५२ टक्क्यांना, रक्त कमी आढळलं. तर हिमोग्लोबिन बघतातच, पण साठवलेलं लोह किती ते फेरिटिनवरून कळतं, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. पाय वळवळत असतील तर डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचारा. आयर्नची गोळी चहासोबत घेऊ नका, दुधासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबत तर नकोच, मध्ये दोनेक तास जाऊ द्या, लिंबूपाण्यासोबत घेतली तर उत्तम. आमच्याकडे सगळ्या गोळ्या एकत्र दुधाच्या ग्लासासोबत आणून द्यायची पद्धत आहे, प्रेमाने देतात, पण त्यातलं बरंचसं लोह वायाच जातं. आणि हो, उलटीच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी हे वळवळणं वाढतं, तेही सांगून ठेवा.

खाज. पोट ताणलं की पोटावर खाजतं, ते चालतं. पण शेवटच्या महिन्यांत अंगावर पुरळ नाही आणि तळहात-तळपाय खाजतायत, रात्री इतके की झोप मोडते, तर खोबरेल चोळत बसू नका. लिव्हरमध्ये पित्त अडकल्याने असं होऊ शकतं, त्याची रक्ताची तपासणी असते, आणि त्यात बाळाला धोका असतो म्हणून लगेच दाखवायचं.

कुशीचं पण बोलूच, कारण ह्या एका विषयावर जेवढे सल्ले मिळतात तेवढे कशावरच मिळत नाहीत. २८ आठवड्यांनंतर झोपायला जाताना पाठीवर जाऊ नये हे खरं आहे. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं वजन पाठीकडच्या मोठ्या शिरेवर येतं आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं, ब्रिटनमधल्या २०१७च्या अभ्यासात उताणं झोपी गेलेल्यांमध्ये बाळ पोटात दगावण्याचा धोका २.३ पट दिसला. पण डावीच कूस हवी असं नाही, उजवीसुद्धा चालते. आणि मध्ये जाग आल्यावर पाठीवर आढळलात तर नुसतं कुशीवर वळायचं आणि झोपायचं, स्वतःवर पहारा ठेवत बसायचं नाही.

आणि ते "कूस बदलताना आधी उठून बस, मगच वळ, नाहीतर बाळाला नाळ गुंडाळते" हे कोणी सुरू केलं मला माहीत नाही, पण नणंदेच्या सासरी हे कडक आहे. रात्री आठ-दहा वेळा कूस बदलणारी बाई दरवेळी उठून बसली तर ती झोपणार कधी? आईच्या कुशीचा आणि नाळेचा काही संबंध नाही. बाळ आतल्या पाण्यात स्वतःच गिरक्या घेत असतं, साधारण चारातल्या एका बाळाच्या मानेभोवती जन्माच्या वेळी नाळ असते आणि बहुतेकांना त्याने काही होत नाही. नणंदेला म्हटलं, त्यांच्याशी वाद घालू नकोस, डॉक्टरांकडे सासूबाईंनाच सोबत घेऊन जा आणि त्यांच्यासमोर विचार. उशीचं म्हणाल तर ती महागातली वळणदार प्रेग्नन्सी पिलो घ्यायची गरज नाही, दिवाणावरचा लोड पाठीमागे आणि एक उशी गुडघ्यांमध्ये, झालं काम.

बाकी झोप येण्यासाठी म्हणून घरचे जे देतात त्यात दुधातून जायफळ पहिलं. बासुंदीत चिमूट असते ती वेगळी, पण झोपेसाठी उगाळून रोज वाढवत नेणं नको, जास्त जायफळाने धडधड, मळमळ, भास होतात. अश्वगंधा तर गरोदरपणात नाहीच घ्यायची, आयुर्वेदिक आहे म्हणून निर्धोक असं नसतं. मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी हा विषयच नको. जे चालतं असं अभ्यासातून दिसलंय ते अगदीच साधं आणि कंटाळवाणं आहे, झोपेसाठीची सीबीटी (म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायची पद्धत) म्हणतात त्याला, गरोदर बायकांवरही तपासून झालीये. सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची, रात्र कितीही वाईट गेलेली असो. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, पेंग आली की परत यायचं, पलंगावर पडून घड्याळ बघायचं नाही. मी अशा वेळी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या मोडून परत घालायचे. आणि चहा! गरोदरपणात कॅफिन शरीरातून फार हळू बाहेर जातं, एरवी पाचेक तासांत निम्मं उतरतं तिथे शेवटच्या महिन्यांत पंधरा तासांपर्यंत लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचचा कप मध्यरात्रीसुद्धा निम्म्याहून जास्त अंगातच असतो. हे कळल्यावर मी दुपारनंतरचा चहा सोडला, आणि तो सोडताना जेवढा त्रास झाला तेवढा मला डोहाळ्यांनी पण दिला नव्हता.

एक आकडा नेटवर सगळीकडे फिरतो, त्याचं सांगते. कॅलिफोर्नियातल्या कॅथरिन ली आणि कॅरिल गे यांनी २००४ मध्ये पहिलटकरणींवर केलेला अभ्यास आहे, शेवटच्या दिवसांत रात्री सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांच्या कळा जास्त वेळ चालल्या आणि सिझेरियनचं प्रमाण साडेचार पट होतं. घाबरायला होतं वाचून, पण त्यात फक्त १३१ बायका होत्या, आणि सिझेरियन होण्यामागे शंभर कारणं असतात. मला त्यातून एवढंच घेण्यासारखं वाटतं की शेवटच्या आठवड्यांत आराम हे लाड नाहीत. कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते पहिल्या दोन मुलांसाठी, त्यातली ८ आठवड्यांपर्यंत डिलिव्हरीच्या आधी घेता येते, पण आम्ही सगळ्याच बायका ती बाळासाठी वाचवतो आणि कळा सुरू होईपर्यंत लोकल पकडतो. मी थोडी आधी घेतली तर ऑफिसात एकीने विचारलंच, "एवढ्यात? वाया नाही का जाणार?"

शेवटचं म्हणजे मन. रात्री तीनला जे विचार येतात ते दुपारी तीनला येत नाहीत, हे समजून घ्या. पण झोपायची संधी असूनही, थकलेली असूनही झोप येत नाही, रडू येतं, कशात रस नाही, आणि हे दोन आठवडे रोज चाललंय, तर ते "हार्मोन्स आहेत" म्हणून सोडायचं नाही. झोप न होणं आणि डिप्रेशन एकमेकांना ओढत नेतात, डिलिव्हरीच्या आधीही आणि नंतरही. सरकारची टेलिमानस नावाची सेवा आहे, १४४१६ वर फोन करायचा, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर घरात कोणाला तरी उठवा, त्याच क्षणी.

नणंदेचा चेकअप गुरुवारी आहे. तिने फोनमध्ये यादी केलीये, पाय, फेरिटिन, कूस-नाळ (सासूबाईंसमोर), कॉलच्या वेळा कमी करायची चिठ्ठी. घोरण्याचं विचारलं तर तिचा नवरा म्हणतो छे, अजिबात नाही. भाऊ-जावई सगळे एकाच शाळेतले दिसतात, त्यामुळे फोन उशाशी ठेवून एक रात्र रेकॉर्ड कर म्हणून सांगितलंय.